नारळ फुटेपर्यंत थांबा

लग्नात मठ्ठा आंबट निघाला तर पाहुणे वर्षभर नावं ठेवतात. मांडव नीट उभा राहिला तर मात्र त्याचं कुणी नावही काढत नाही. माझी सगळी हयात असल्या बिननावाच्या कामात गेली. या अंकासाठी ‘तुमच्या क्षेत्रातले अनुभव लिहा’ असा निरोप आला तेव्हा बायको म्हणाली, “क्षेत्र कसलं? गावभर खड्डे खणत फिरलात.” तिचंही खरं आहे. जळगाव-धुळ्याकडचं मी खड्डा न खणलेलं मैदान शोधावंच लागेल.

लोकांना वाटतं, मंडपवाला म्हणजे बांबू, सुतळी आणि कापड. मी कामाला लागलो तेव्हा तसंच होतं. सुतळीची गाठ चांगली मारता आली की माणूस कारागीर झाला. आता बांबूच्या जागी लोखंडी पाइप आले, आणि मोठ्या कार्यक्रमांना ट्रस. ट्रस म्हणजे ॲल्युमिनियमचा जाळीदार सांगाडा. त्यावर दिवे, स्पीकर आणि पाठीमागची ती भली मोठी एलईडी भिंत टांगायची. कृषी प्रदर्शन असलं की स्टॉलची अख्खी वसाहत उभी करायची आणि चार दिवसांनी तिथे कुत्रंही फिरकू नये इतकं साफ करून निघायचं. स्टेजचं तंत्र त्या मानानं सोपं. खाली चार पायांचे लोखंडी घोडे, त्यांवर प्लायवूडचे पाट, वर लाल गालिचा. गालिच्यावरच्या सोफ्यात बसलेल्या माणसाला खाली काय आहे ते दिसत नाही, आणि त्याला ते बघायचंही नसतं.

खरी मेख असते जमिनीत. आमच्या काळ्या मातीत केळी आणि कापूस खुशाल वाढतात, पण मंडपवाल्याशी तिचं जमत नाही. कोरडी असेल तोवर पहार लावली तरी हलत नाही, आणि पाणी पडलं की घोड्याचा पाय गिळते. म्हणून प्रत्येक पायाखाली लाकडाची जाड पाटली सरकवावी लागते. एवढं केलं की स्टेज किती वजन पेलेल ते आम्ही छातीठोक सांगू शकतो. त्यावर माणसं किती चढतील, हे मात्र प्रत्यक्ष परमेश्वरालाही सांगता येणार नाही.

धुळ्यातल्या एका लग्नाचं सांगतो. नवरदेवाच्या वडिलांनी हौसेनं गोल फिरणारं स्टेज मागवलं. त्यावर नवरा-नवरी दोघंच उभी राहणार, हार घालणार, स्टेज हळूहळू फिरणार आणि वरून ड्रोन शूटिंग करणार. मी दोन्हीकडच्या मंडळींना, भटजींना, फोटोग्राफरला हात जोडून सांगितलं, “दोघंच.” सगळ्यांनी माना डोलावल्या. हार घालायची वेळ झाली, नवरदेवाच्या मित्रांनी त्याला उचलून धरलं, आणि इकडे नवरीच्या मामांना चेव चढला. “आमनी पोर काय कमी शे का?” म्हणत यच्चयावत मामा स्टेजवर. त्यांच्या मागून मावश्या. मोटरीनं कशीबशी अर्धी गिरकी घेतली आणि हाय खाल्ली. नवरा-नवरीची पाठ पाहुण्यांकडे आणि तोंड जनरेटरकडे! वरपिता माझ्या अंगावर धावून आला, “फिरवा!” म्हटलं, “आधी मामांना उतरवा.” तर म्हणतो, “मामांना कसं उतरवू? रुसतील ना!” शेवटी आम्ही पाहुण्यांनाच खुर्च्यांसकट पलीकडे नेऊन बसवलं. अक्षता जनरेटरच्या बाजूनं पडल्या.

हे हसण्यावारी गेलं, कारण ते स्टेज जमिनीपासून हातभर उंच होतं. सगळंच हातभर उंच नसतं. पाचोऱ्याचा सुभाष हा आमच्यातला चढण्यात सगळ्यात तरबेज गडी. एका सभेच्या दिवशी वारा सुटला होता. पाहुणे यायची वेळ झाली आणि वरचा बॅनर वाकडा दिसतो म्हणून कुणीतरी त्याला पुन्हा वर पाठवलं. वारा कसा आहे हे त्याला कळत होतं. तरी तो चढला, कारण ‘नाही’ म्हणायची आमच्यात रीतच नव्हती. तो पडला. जीव वाचला, पण कंबर आणि पाय कामाचे राहिले नाहीत. बॅनर शेवटपर्यंत वाकडाच होता. मला आजही त्या बॅनरचा राग येतो.

संघटना काढायची हे त्यानंतर ठरलं. वरणगावचे तात्या म्हणून एक गृहस्थ होते, कारखान्यातून निवृत्त झालेले, युनियनच्या कामात केस पिकलेले. त्यांना बोलावलं. बैठक जळगावच्या एका मोकळ्या मैदानावर, भर दुपारी. सगळ्या जिल्ह्याला सावली पुरवणारे आम्ही लोक, आणि स्वतःच्या बैठकीला मांडव घालायचं कुणालाच सुचलं नाही! तात्यांनी भाषण सुरू केलं. थोड्या वेळानं मागचे दोघं उठले, टेम्पोतून पाइप घेऊन आले. मग आणखी काही उठले. कुणी ओरडतंय, “पडदा उगवतीकडून ताण!” कुणी म्हणतंय, “ती गाठ कोणी मारली रे, आंधळ्यानं?” तात्या भाषण थांबवून शांत उभे राहिले. सावली झाली, सगळे परत खाली बसले, तेव्हा म्हणाले, “संघटना तर तुम्ही केलीच की. आता फक्त एक गोष्ट शिका. एकानं ‘नाही’ म्हटलं की बाकीच्यांनी त्याच्या शेजारी येऊन उभं राहायचं. एवढं जमलं तर युनियन, नाही जमलं तर भिशी.”

मग प्रशिक्षण सुरू केलं. असोद्याला ओळखीच्या एका शेतकऱ्यानं पत्र्याची शेड दिली होती. तिथे मी मास्तर. आता आमच्या लोकांना शिकवणं म्हणजे काय ते ऐका. हेल्मेट दिली, तर “केस गळतात भाऊ” म्हणून त्यात खिळे आणि नटबोल्ट ठेवू लागले. उंचावर कमरेला बांधायचा पट्टा दिला, तर त्याला जेवणाचा डबा अडकवून वर जात. जुने कारागीर मिशीत हसत, “आमचा बाप बिनपट्ट्याचा चढायचा.” मी म्हणायचो, “तुझा बाप बांबूवर चढायचा, त्याच्या डोक्यावर एलईडीची भिंत नव्हती.” पण पालथ्या घड्यावर पाणी.

एक गोष्ट मात्र ही मंडळी कधी विसरत नव्हती. नारळ. स्टेज पुरं झालं की मुख्य कारागीर त्याच्या पुढच्या उजव्या पायाशी नारळ फोडतो आणि प्रसाद वाटतो. तोवर त्या स्टेजवर कुणी पाय ठेवत नाही. हेल्मेट विसरतील, जेवण विसरतील, नारळ नाही. माझ्या डोक्यात तिथेच प्रकाश पडला. आम्ही नियम केला: स्टेजखाली सरपटत जाऊन प्रत्येक घोड्याचा पाय हातानं हलवून जो बाहेर येईल, त्यानंच नारळ फोडायचा. ज्याच्या गुडघ्याला माती नाही, त्यानं नारळाला हात लावायचा नाही. आणि नारळ फुटेपर्यंत पायरीवर गालिचा नाही. हे सगळ्यांना एका दिवसात पटलं. तात्या पक्के नास्तिक, पण म्हणाले, “देवाचं मला माहीत नाही, हा नारळ मात्र मी मानतो.”

या वर्गात सुभाषची बायको आली. संगीता. आधी ती घरी मंडपाच्या झालरी शिवायची. आता सुभाष हातानं फिरवायच्या मशीनवर बसून झालरी शिवू लागला आणि ती स्टेजचं काम शिकायला लागली. मी तिला बाई म्हणतो, ती मला भाऊ म्हणते. आवाज असा, की आमच्या साउंडवाल्याचा धंदा बसावा. स्टेजखाली ती पुरुषांपेक्षा चटकन शिरायची आणि काही खटकलं की तिथूनच ओरडायची. तिला स्टेजप्रमुख करायचं ठरलं, तेव्हा कुजबुज सुरू झाली. बाईमाणूस नारळ कसा फोडणार? आपल्यात बायका नारळ फोडत नाहीत. संगीतानं ते ऐकलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “खाल सरपटाले बाई चालस, आनि नारय फोडाले चालत नही? हाई कोनता न्याय शे?” ती प्रमुख झाली.

पण आमच्यात प्रमुख होऊन भागत नाही, कंत्राटदारानं मानावं लागतं. जळगावातली बहुतेक मोठी कामं भास्करशेठकडे. माणूस वाईट नाही, पण थांबणं त्याला ठाऊक नाही. चहासुद्धा गाडीचं इंजिन चालू ठेवून पिणार. आमचा नियम ऐकून ते म्हणाले, “भाऊ, एका प्रदर्शनात करून बघू. तुमची बाई हो म्हणेल तेव्हाच लोक स्टेजवर चढतील. पण तिच्यामुळे माझा कार्यक्रम बोंबलला, तर ती बाई परत माझ्या साइटवर नको आणि तुमचा नियमही नको.” आम्ही कबूल झालो. न होऊन सांगतो कुणाला? त्यांनी नाकारलं असतं तर बाकीच्या कंत्राटदारांनी आम्हाला उभंही केलं नसतं.

प्रदर्शन मोठं होतं. उद्‌घाटनाला पुढारी येणार होते आणि प्रगतिशील शेतकऱ्यांचा सत्कार होता. संगीतानं आदल्या संध्याकाळी स्टेज तपासून ठेवलं होतं. सकाळी पाहतो तर धूळ उडू नये म्हणून टँकरवाल्यानं मैदानावर पाणी मारलेलं, आणि इतक्या सढळ हातानं, की ओघळ थेट स्टेजखाली. संगीता म्हणाली, “भाऊ, पानी जिरू द्या. मी परत खाल जाईसन देखस, मंगच नारय.” आणि ती जास्तीच्या पाटल्या आणायला मैदानाच्या दुसऱ्या टोकाच्या टेम्पोकडे गेली.

तेवढ्यात प्रदर्शन समितीचे आबा तिथे आले. अतिशय भला आणि देवभोळा माणूस. ताटात नारळ दिसला, मुहूर्त टळत होता, आणि नारळ एक बाई फोडणार हे त्यांच्या कानावर आलेलं. पोरीला कशाला दोष लागू द्यायचा, असा त्यांनी विचार केला असावा. त्यांनी स्वतःच्या हातानं स्टेजच्या उजव्या पायाशी नारळ फोडला, कुंकू लावलं आणि आमच्याच लोकांच्या हातावर प्रसाद ठेवला. नारळ फुटला की रस्ता मोकळा, हे आम्ही आमच्या लोकांकडून घोकून घेतलेलं. फोडला कुणी, हे विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. प्रसाद तोंडात टाकून त्यांनी पायऱ्यांवर लाल गालिचा अंथरला.

मी स्टॉलकडची कामं बघून परत आलो तेव्हा पाहुणे पायरीशी आले होते. समोरून संगीता धावत आली, काखेत पाटल्या, आणि पहिल्या पायरीवर आडवी उभी राहिली.

“कोनी चढू नका!”

आबा गडबडले. “अहो ताई, नारळ फुटला. प्रसादही वाटून झाला.”

“फुटना व्हई आबा, पन मी नही फोडा. मी खाल जाईसन देखस, मंग चढा.”

भास्करशेठ माझ्या कानाशी आले. “भाऊ, बाजूला घ्या तिला. आत्ता. नाही तर संपलं सगळं.”

 संगीताचं काम, आमचा नियम, सुभाष पडल्यापासूनची सगळी धडपड, सगळं त्या पायरीवर उभं होतं. मी आमच्या लोकांकडे पाहिलं. सगळ्यांच्या तोंडात खोबरं. कुणी चावत नव्हतं, कुणी गिळत नव्हतं. मग गालिचा अंथरणारा जो होता, त्यानं घास गिळला, खाली वाकला आणि पायरीवरचा गालिचा परत गुंडाळायला घेतला. त्याच्या मागोमाग लाइटवाला येऊन संगीताच्या शेजारी पायरीवर बसला. मग साउंडवाला. मग एकेक करत सगळे. मीही जाऊन बसलो. तात्या त्याआधीच वारले होते. मला राहून राहून वाटलं, ते आज हवे होते. ही भिशी नव्हती.

पाहुण्यांत चुळबुळ सुरू झाली. पुढाऱ्यांच्या माणसांचे आवाज चढले. तेवढ्यात सत्काराला आलेले असोद्याचे दगडू नाना, केळीवाले, पुढच्या खुर्चीत ऐसपैस बसले आणि म्हणाले, “माले काही घाई नही. केळीच्या घडासाठी सालभर थांबतो मी. बाईसाठी घडीभर थांबाले काय झालं?” सत्कारमूर्तीच बसल्यावर बाकीच्यांना उभं राहायला निमित्त उरलं नाही. पुढाऱ्यांना केळीच्या रोपांचा स्टॉल दाखवायला नेलं.

संगीता स्टेजखाली शिरली. सगळ्या मैदानाला तिच्या टाचा तेवढ्या दिसत होत्या. आतून घोडे हलवल्याचा खडखड आवाज. बाहेर आली तेव्हा गुडघे चिखलानं माखलेले.

“काय निघालं?” शेठनी विचारलं.

“काही नही. बठ्ठा पाय घट शेतस.”

“काहीच नाही?” शेठ जवळजवळ किंचाळलेच. “मग एवढा खोळंबा कशाला केला?”

“काही नव्हतं, हाई आते समजनं शेठ. मघाशी कोनले मालूम व्हतं?”

आता नारळ हवा. ताटातला तर आबांनी फोडलेला. दगडू नाना उठले, सत्काराच्या टेबलावरचं आपल्या वाटचं श्रीफळ उचललं आणि तिच्या हातात दिलं, “हे घे बाई, माह्यं.” पहिल्या फटक्याला नारळानं दाद दिली नाही.  दुसऱ्या फटक्याला दोन स्वच्छ भकलं झाली. आबा चपला काढून, हात जोडून शेजारी उभे होते. प्रसादाला त्यांचाच हात पहिला पुढे आला. दगडू नानांचा त्या दिवशीचा फोटो मी जपून ठेवलाय. अंगावर शाल, आणि हातात श्रीफळाऐवजी केळीची फणी.

गोष्ट इथे संपली असती तर छान झालं असतं. पण संध्याकाळी भास्करशेठनी मला बाजूला घेतलं. “कार्यक्रम उशिरा लागला. पुढाऱ्यांची माणसं मला बोलली. ठरल्याप्रमाणे तुमची बाई बंद.”  संगीता नारळाचं एक भकल पदरात बांधून पाचोऱ्याला गेली. नंतर तिनंच मला सांगितलं, की सुभाषनं मशीन थांबवून सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “काही निघनं नही, तरी थांबाडं तू?” ती हो म्हणाली. त्यानं ते भकल हातात घेतलं. मग म्हणाला, “त्या दिवशी तू खाल व्हती तर...” आणि मशीन पुन्हा सुरू केलं.  मलाही फार वाईट वाटलं.

त्यानंतर भास्करशेठचं पुढचं काम लागलं, तेही जळगावातच. माणसं आमचीच, कारण दुसरी आणणार कुठून? स्टेज वेळेवर उभं झालं. शेठनी स्वतः नारळ फोडला, प्रसाद वाटला. सगळ्यांनी तो भक्तिभावानं खाल्ला. गालिच्याला मात्र कुणी हात लावेना. शेठ ओरडले, “आता काय राहिलं?” मागून कुणीतरी म्हणालं, “शेठ, गुडघे दाखवा.” शेठची पँट पांढरीशुभ्र, कडक इस्त्रीची. ते गुडघ्यांकडे पाहत राहिले, आणि मग त्यांची गाडी पाचोऱ्याला गेली. शेठशिवाय. संगीताला आणायला.

सगळीकडे असं होतं असं मी म्हणणार नाही. खोटं कशाला लिहू? अजून कित्येक मंडपांत पोरं बिनपट्ट्याची चढतात, बाहेरून आलेल्या कंत्राटदारांना आमचा नियम ठाऊक नसतो, आणि हेल्मेटमध्ये नटबोल्ट ठेवणारे महाभाग आमच्याकडेही आहेत. सुभाषच्या वेळेला हे सुचायला हवं होतं, ही रुखरुख माझ्यासोबतच जाईल.

पण परवा धुळ्याला एका प्रदर्शनाची तयारी बघायला गेलो होतो. ऊन चांगलंच तापलेलं. पाहुण्यांच्या गाड्या फाटकातून आत येत होत्या. भास्करशेठ लगबगीनं आले, पायरीपाशी चपला काढून हातात घेतल्या आणि एक पाय पायरीवर ठेवला. ठेवला, आणि उचलून परत जमिनीवर आणला. वाकून स्टेजखाली बघत त्यांनी विचारलं, “बाई, झाला का नारळ?”

“थांबा, शेठ!” आतून आवाज आला.

शेठ थांबले. चपला हातात, पाय तापलेल्या मातीत. मी जाऊन त्यांच्या शेजारी उभा राहिलो.  खालून एकेका घोड्याचा पाय हलवल्याचा आवाज येत होता.